मी, ऑरिन टकेटचा रबरी मुडदा

मी एक जुना रबरी मुडदा आहे. मित्रांनो, घाबरू नका. मी कधी जिवंतच नव्हतो, तेव्हा माझ्या मरणाचं सुतक कुणालाच नाही. ज्याच्या अंगावरून माझा साचा काढला, तो ऑरिन टकेट शेवटी सिनेमात बोलला. अगदी स्वच्छ बोलला, अख्ख्या अमेरिकेने ऐकलं.

आता हे मी सांगितलंच नाही असं समजा. ऑरिन बोललेला नाही. आयडाहोतल्या एका बटाट्याच्या गावातून तो नुकताच लॉस एंजेलिसला आलाय, डोनटच्या दुकानाबाहेर डोनटचा वेश चढवून येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींना हात हलवतोय, आणि माझा जन्म अजून व्हायचा आहे.

माझी आई डोलोरेस किंतानार. टायरच्या दुकानामागे तिची कार्यशाळा होती. सिनेमावाल्यांना लागणारे तुटके हात, कापलेली मुंडकी आणि सगळ्या वयांचे मुडदे ती बनवायची आणि मग भाड्याने द्यायची. एका रहस्यपटात ऑरिनला तळ्यात बुडालेल्या माणसाचं काम मिळालं होतं, म्हणून त्याला तिच्याकडे पाठवलं. तिने त्याच्या नाकात दोन नळ्या खुपसल्या आणि तोंडावर प्लास्टर थापलं.

"हलू नकोस रे पोरा. हसलास तर मुडदा हसरा होईल, आणि हसरा मुडदा कोणी नेत नाही."

"म्म," ऑरिन म्हणाला.

"वाक्य आहे म्हणे तुला? कोणतं?"

"म्म म्म म्म."

"छान आहे. मनापासून म्हण."

प्लास्टर उतरल्यावर ते नीट ऐकू आलं. 'दार उघडंच होतं.' नायक बुडालेल्या माणसाला उलटा करतो, तो क्षणभर डोळे उघडतो, एवढंच म्हणतो आणि मरतो. त्यावरून खुनी घरातलाच आहे हे नायकाला कळतं. मित्रांनो, सिनेमाच्या त्या गावचा कायदा असा, की ज्याने पडद्यावर एक वाक्य म्हटलं तो नट, आणि ज्याने नाही म्हटलं ती गर्दी. नटाला नटांच्या संघटनेचं कार्ड मिळतं, मग पुढच्या कामांसाठी दारं उघडतात. गर्दीला सँडविच मिळतं. ऑरिनचं सगळं आयुष्य त्या तीन शब्दांवर अडकलं होतं. मी टेबलावर वाळत होतो, आणि तो माझ्या शेजारी उभा राहून ते वाक्य कुजबुजून, खोकत, देवाचं नाव घेतल्यासारखं म्हणून बघायचा. मलाही पाठ झालं. जीभ असती तर झोपेतही म्हटलं असतं. पण माझ्या तोंडात जिभेच्या जागी कापूस होता.

चित्रीकरण डोंगरातल्या तळ्यावर होतं. पाणी बर्फाचं. एवढ्या थंड पाण्यात जिवंत माणसाला फार वेळ ठेवायचं नाही असा नियम होता, म्हणून दिवे आणि कॅमेरा जागच्या जागी बसेपर्यंत पाण्यात मला ठेवलं. अशा वेळी नटांच्या जागी जे उभे राहतात, पडून राहतात, त्यांना दुसरी तुकडी म्हणतात. सगळं तयार झालं की पहिल्या तुकडीला हाक मारतात. पहिली तुकडी म्हणजे खरे नट. म्हणजे ऑरिनसुद्धा. हे त्या डोंगरावर सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या ऑरिनला सोडून. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण हे कोणाला सांगावं लागतं असं कोणाला वाटलंच नव्हतं.

गस नावाचा सहदिग्दर्शक कर्ण्यातून ओरडला, "पहिली तुकडी! पहिली तुकडी पाण्यात!"

निळं तोंड रंगवलेला ऑरिन जेवणाच्या गाडीच्या पायरीवर घोंगडी पांघरून सूप पीत बसला होता.

"तुला बोलावतायत का रे?" आचाऱ्याने विचारलं.

"छे हो, मोठ्या लोकांना बोलावतायत. माझी वेळ आली की माझं नाव घेतील ना," ऑरिन म्हणाला.

संस्कार चांगले होते बिचाऱ्याचे. मोठ्यांच्या पंगतीत आपण होऊन बसायचं नाही, हे त्याला आईने शिकवलं होतं.

नायकाचं काम करणारा क्लेटन रूक पाण्यात उतरला. कॅमेरा सुरू झाला. त्याने मला उलटं केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबला. मित्रांनो, तो थांबला होता माझ्या वाक्यासाठी. सगळं तळं थांबलं होतं. मला वाक्य येत होतं! माझ्या डोक्यातला सगळा भुसा ओरडत होता, 'अरे, मी तो नाही! तो तिकडे सूप पितोय!' पण माझे ओठ एका साच्यात ओतलेले. नाकातून थोडं पाणी गळलं, तेवढंच माझ्याच्याने झालं.

क्लेटनचे डोळे भरून आले. "बिचाऱ्याला बोलताही आलं नाही," तो म्हणाला.

"कट!" दिग्दर्शक रेमंड हॉलब्रूकने टोपी काढली. "वाक्य गिळलंन पोराने! आणि ते नाकातलं पाणी! इतकं कमी करायला कोणी शिकवलं याला?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून ऑरिन काय झालं ते बघायला आला.

"सर, माझं कधी आहे?"

"तुझं काय कधी आहे? तू कोण?"

"बुडालेला, सर."

रेमंडने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग हा कोण?"

"रबर," काठावरून डोलोरेस म्हणाली.

रेमंडने बराच विचार केला. सूर्य डोंगराआड चालला होता. "त्याला सांगा, छान केलंन," तो म्हणाला, आणि सामान आवरायला लावलं. घोंगडीतला ऑरिन मला पाण्यातून बाहेर काढू लागला. त्याने मला काखेत धरून ओढलं, अगदी हलक्या हाताने, जणू मला लागलं असतं. तेव्हाच त्याने मला तळ्यात सोडून दिलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

सिनेमा लागला. ऑरिनच्या आईने चर्चच्या सगळ्या बायकांना गाडीत भरून गावच्या थिएटरात नेलं. ऑरिनच्या खोलीत फोन नव्हता, म्हणून तिचा फोन डोलोरेसच्या कार्यशाळेत यायचा, बरोबर माझ्या फळीखाली. बाई इतक्या मोठ्याने बोलायची की मलाही ऐकू यायचं.

"अरे, तू मेलास तेव्हा माझ्या जिवाचं पाणी झालं रे! सगळ्या बायका रडल्या. ती वर्नासुद्धा रडली, आणि ती नवऱ्याला रडली नव्हती! पण इतका वेळ श्वास कसा रोखलास?"

ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. "सवय होते, आई."

पुढे माझे बरे दिवस आले. मी गल्लीत पडलो, लिफ्टमध्ये सापडलो, एका विनोदी सिनेमात लग्नाच्या केकमधून बाहेर आलो. लोक म्हणायचे, 'याच्यासारखा मुडदा नाही.' ऑरिन मात्र कामासाठी चेहरा दाखवायला जाई आणि डोनटच्या वेशात परत येई.

"काय म्हणाले?" डोलोरेस विचारायची.

"म्हणाले, तुला कुठेतरी पाहिलंय. मग म्हणाले, पण तू आमच्या आठवणीत मेलेला आहेस."

त्याचं सगळं नाव मी खाल्लं, मित्रांनो. आणि फळीवर बसून, डोळे उघडे ठेवून, ते बघत राहण्याशिवाय मला काही करता येत नव्हतं. मिटायला पापण्याच नाहीत.

मग एके दिवशी शवागारातल्या प्रसंगासाठी मला नेलं. मुडदा मीच, हे ठरलेलं. त्याला ओळखायला येणारा भाऊ काही मिळेना. जो येई तो माझ्यासारखा दिसत नसे.

"याचा भाऊ आहे माझ्याकडे. फक्त त्याचं डोनट काढायला लागेल," डोलोरेस म्हणाली.

ऑरिन आला. या खेपेला डोलोरेसने त्याला दंडाला धरून दारातच उभं केलं. "हे बघ. पहिली तुकडी म्हणाले की पळायचं. पहिली तुकडी म्हणजे तू. म्हण."

"पहिली तुकडी म्हणजे मी."

"शाब्बास, माझ्या लेकरा."

हाक आली, तो पळत आला. चादर उचलली गेली. त्याने माझ्या गालावर हात ठेवला, जिथे साच्याची शिवण आहे तिथे, आणि म्हणाला, "हो. हाच तो."

कसा म्हणाला ते मला सांगता येणार नाही. दिवा धरणाऱ्या माणसाने तोंड फिरवलं. मला रडता आलं असतं तर तिथेच रबर फाटलं असतं. मघाशी मी जे सांगितलंच नव्हतं, ते आता झालं. ऑरिन बोलला, वाक्य सिनेमात टिकलं, कार्ड मिळालं.

फक्त एक झालं. त्या वेळी कॅमेरा माझ्यावर होता. ऑरिनचा तेवढा हात दिसतो.

आईचा फोन आला. "ऐकलं रे बाळा, ऐकलं! तुझा आवाज मी हजारात ओळखीन! वर्नाने माझा हात सोडला नाही. पण एक सांग, ओठ न हलवता बोललास कसा?"

ऑरिन फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग त्याने भिंतीला डोकं टेकलं. तो हसतोय की काय, ते मला फळीवरून दिसलं नाही.

"सवय होते, आई," तो म्हणाला.

मित्रांनो, आता माझा एक कान गळून पडलाय आणि मानेला भेगा गेल्यात. डोलोरेस कधीकधी तेलाचा हात फिरवते. मला स्वतःसाठी काही नको. पण ज्यांच्या हाती कर्णे आणि कॅमेरे आहेत त्यांना माझं एक सांगणं आहे, आणि मला तोंड उघडता येत नसल्याने ते लेखी देतो.

प्रति, सर्व संबंधित दिग्दर्शक व सहदिग्दर्शक. महोदय, वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, यापुढे कॅमेरा सुरू करण्यापूर्वी आडव्या पडलेल्या इसमास त्याच्या नावाने एकदा हाक मारावी, उत्तर न आल्यास जवळपास कोणी सूप पीत बसले आहे काय याचा शोध घ्यावा, व तोपर्यंत सूर्यास जागेवर थांबवून ठेवण्याबाबत योग्य ते आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.