पंधरा मीटरपर्यंतची चूक

जावई खोटं बोलतोय, हे हिंमतरावांनी चहा बशीत ओतेपर्यंत ओळखलं होतं. सौरभचं म्हणणं असं की एका माणसाने डोंगरात डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे, मग दुसऱ्या अनोळखी माणसाने हातातल्या उपग्रहाच्या यंत्रावर वाट काढत तो डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. या प्रकाराला जिओकॅशिंग म्हणतात. डब्यात काय असतं, असं विचारल्यावर सौरभ म्हणाला, गोट्या, बिल्ले, की-चेन. यात कोणाला काय मिळतं, असं विचारल्यावर म्हणाला, काहीच नाही, मजा.

हिंमतरावांनी जमीन मोजणीच्या नोकरीत चौतीस वर्षं काढली होती. उन्हातान्हात माळ तुडवून जागेचा नेमका ठिकाणा लिहून घेणारी आणि यात आपल्याला काहीच मिळत नाही म्हणणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. सहा महिन्यांत तिथे कुंपण पडायचं.

सौरभ मूळचा पुण्याचा. कुकटपल्लीला फ्लॅट, संगणकाची नोकरी. कंपनीने आठ महिने अमेरिकेत ठेवलं होतं, तिथून हे खूळ घेऊन तो परवाच परतला होता. आता त्याला स्वतःचं यंत्र घ्यायचं होतं, म्हणजे सुट्टीत डोंगर चढतानाही उपयोगी पडलं असतं.

"बाबा, तुम्ही चला ना दुकानात," तो म्हणाला. "मोजमापातलं तुम्हाला जास्त कळतं."

हेच वाक्य हिंमतरावांना बोचलं. कारण मोजमापातलं जे त्यांना जास्त कळत होतं, ते त्यांनी एकोणीस वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला, इंदुताईंनाही नाही.

चौऱ्याऐंशी साली खात्यातल्या लोकांनी सोसायटी काढली आणि कुकटपल्लीच्या पलीकडे माळावर प्लॉट पाडले, तेव्हा मोजणीची साखळी हिंमतरावांच्या हातात होती. प्रत्येकाला रस्त्याकडे तीस फूट रुंदी. हिंमतरावांचा प्लॉट कोपऱ्याचा, त्याला लागून नामदेवरावांचा. मधला रस्त्याकडचा दगड हिंमतरावांनी नामदेवरावांच्या बाजूला चार फूट सरकवून रोवला. मागचा दगड बरोबर जागी ठेवला, कारण तिकडे ओढा होता आणि ओढ्याकडच्या रुंदीला कोणी भाव देत नाही. तेव्हा त्या माळावर शेळ्यासुद्धा कंटाळायच्या. आता दोन हजार तीन साल उजाडलं होतं, आजूबाजूला काचेच्या इमारती उठल्या होत्या आणि फूट हा शब्द लोक आवाज खाली आणून उच्चारत होते.

तो प्लॉट गौरीला, म्हणजे लेकीला द्यायचं ठरलं होतं. जावयाने तो आधी मोजून पाहिला असता, तर हिंमतरावांचं नाव गेलं असतं. आणि चौतीस वर्षांत त्यांनी कमावलं होतं ते नावच. हिंमतरावांचा दगड म्हणजे देवाचा दगड, असं खात्यात अजून म्हणत.

म्हणून ते दुकानात गेले. नजर ठेवायला.

दुकान आबिड्सला, कॅमेऱ्यांचं. मालकाने मागच्या कपाटातून दोन यंत्रं काढली. एक लहान, पिवळं, साधं. चालत राहिलात तरच दिशा सांगणारं. दुसरं मोठं, राखाडी, जागच्या जागी उभं राहूनही दिशा सांगणारं, शिवाय उंची दाखवणारं. सौरभचा जीव राखाडीवर होता. मालकाचाही होता.

"बडा लेलो साब," मालक म्हणाला. "जमीन का रकबा बी निकालता ये. चौतरफ एक चक्कर मारो, बस."

रकबा म्हणजे जमिनीचं क्षेत्रफळ. हिंमतरावांनी जावयाकडे पाहिलं. जावई बॅटरीचं झाकण उघडून पाहत होता. फार सहज पाहत होता.

"डोंगरात रकबा कशाला लागायलाय तुम्हाला, सौरभराव?"

"लागत नाही, बाबा. तो फुकट येतो बरोबर."

फुकट येतो. हिंमतरावांनी हे शब्द घडी घालून मनात ठेवले आणि कोणतं यंत्र किती चुकतं याची चौकशी केली. पिवळ्याच्या खोक्यावर लिहिलं होतं, चूक पंधरा मीटरपर्यंत. राखाडीची मालकाने तीन सांगितली. सौरभ म्हणाला, ती तीन अमेरिकेत, इथे दोन्ही सारखीच. मात्र राखाडी एका जागी ठेवून दिलं की ते बरीच मापं घेऊन सरासरी काढतं आणि चूक उतरत जाते. सरासरीने काय काय उतरतं, हे त्यांच्याइतकं त्या दुकानात कोणाला माहीत नव्हतं.

मग ते पिवळ्याच्या बाजूने अर्धा तास बोलले. वजनावर बोलले, पावसावर बोलले, बॅटरी किती तास चालेल यावर बोलले, डोंगरात जड वस्तू घेऊन गेलेल्या एका नायब तहसीलदाराचं काय झालं तेही सांगितलं. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांनी जास्त चुकणारं यंत्र चांगलं म्हणून उचललं होतं. सौरभ सासऱ्याचा मान राखणारा मुलगा. त्याने पिवळं घेतलं. एवढ्या पटकन का घेतलं, याचा विचार हिंमतराव अंबरपेठेतल्या घरी पोचेपर्यंत करत होते.

त्याचं कारण रविवारी कळलं, असं त्यांना वाटलं. पहिला डबा आपल्याच प्लॉटवर लपवू, सौरभ म्हणाला, कोणाची परवानगी नको. आणि त्याने डबा नेमका त्या दगडाच्या बुडाशी, मातीत चार बोटं पुरला. मग यंत्र हातात धरून दगडाभोवती तीन चकरा मारल्या. उपग्रह नीट सापडत नाहीत, असं कारण दिलं.

"आता हे इंटरनेटवर टाकलं की जगातून कोणीही येऊ शकतं," तो आनंदाने म्हणाला.

"त्यांच्याकडं कुठलं यंत्र असतंय?"

"बहुतेकांकडे ते मोठंच असतं."

हिंमतरावांना दोन रात्री झोप लागली नाही. त्यांना दिसत होतं की देशोदेशीची माणसं त्यांच्या दगडापाशी राखाडी यंत्रं ठेवून शांतपणे सरासरी काढत बसली आहेत.

मंगळवारी दुपारी बँकेत जातो असं सांगून ते निघाले. पहार गोणपाटात गुंडाळली होती. दोन बस बदलल्या, दोन्ही कंडक्टरांनी गोणपाटाकडे बघितलं, दोघांनीही तिकीट नीट फाडलं. माळावर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी कोपऱ्यापासून टेप धरला, तीस फुटांवर खूण केली, दगड उपटला आणि खुणेवर रोवला. जुना खड्डा बुजवून वर वाळकं गवत पसरलं, डबा दगडाच्या बुडाशी होता तसा पुरला. दगड पहिल्यांदा रोवला तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते, आता एकसष्ट. प्रामाणिकपणाने कमरेत उसण भरली ती शनिवारपर्यंत उतरली नाही. इंदुताईंनी शेक दिला आणि बँकेत एवढं काय उचललं, असं विचारलं.

रविवारी सौरभ डबा जागेवर आहे का ते बघायला निघाला. हिंमतराव कमरेवर हात ठेवून बरोबर. पिवळं यंत्र समोर धरून सौरभ माळ ओलांडत दगडापर्यंत गेला, वाकला आणि त्याने डबा वर काढला.

"बघा बाबा, तसूभरही हललेला नाही."

चार फूट गेले होते आणि यंत्राला पत्ता नव्हता. हिंमतरावांना बरं वाटायला हवं होतं. त्यांना थोडा अपमान झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर त्यांना नामदेवराव दिसले. ते चिक्कडपल्लीहून दर महिन्याला येत आणि आपली हद्द पावलांनी मोजत. आज ते तिसऱ्यांदा मोजत होते. मग त्यांनी हिंमतरावांना खुणेने बाजूला घेतलं.

"माझी रस्त्याची बाजू किती फूट?"

"तीस. कागदावर आहे की."

"आज चौतीस भरायली."

नामदेवरावांनी सौरभकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही माझे चार फूट घेतलेत ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मी काय मोजणीत नव्हतो का? मी पलीकडच्या प्लॉटवाल्या मुकुंदरावांकडचा दगड चार फूट सरकवला. तीसचे तीस झाले, बोलायचं काही राहिलं नाही. मुकुंदरावांनी पुढच्याकडून घेतले असतील, मी विचारलं नाही. एकोणीस वर्षं ओळ सरळ होती, हिंमतराव. आता तुम्ही साव आणि मी एकटा चोर. काय डाव आहे?"

हिंमतरावांनी डाव नसल्याचं सांगितलं. काही मिळत नाही, सहज केलं, असं ते म्हणाले, आणि म्हणतानाच त्यांना कळलं की हे कोणीही खरं मानणार नाही. त्यांनी स्वतः मानलं नसतं.

नामदेवरावांनी मानलं नाहीच. ते सौरभच्या हाताकडे बघत होते.

"ते रकबा सांगतंय का?"

"नाही. चूकही पंधरा मीटर आहे."

नामदेवराव म्हणाले, "माझ्या पोरालाही डोंगर चढायचे आहेत. घेतलं कुठं?"

नामदेवरावांचा पोरगा पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट बघायचा. पण हिंमतरावांनी काही विचारलं नाही. सौरभकडून डब्यातली वही मागून घेतली, तिच्या शेवटच्या पानावर आबिड्सच्या दुकानाचा पत्ता लिहिला, खाली रेघ मारून लिहिलं, पिवळेच घ्यावे, आणि पान फाडून दिलं.

दोन म्हातारे डोक्याला डोकं लावून आपल्या वहीत लिहितायत, हे सौरभ लांबून बघत होता. पहिल्याच आठवड्यात डबा सापडल्याची नोंद झाली म्हणून तो खूश होता.