रास्नेला पाणी

पंचफुला गेली त्या चैत्रात अंगणातल्या निंबावर तिची रास्ना फुलली होती. माहेरच्या मोहाच्या झाडावरून आणून तिनंच ती फांदीला सुतळीनं बांधली होती. ऑर्किडची पिवळट तपकिरी फुलं, मधली पाकळी निळी. सकाळी वास थेट खाटेपर्यंत यायचा.

आणली तेव्हा तिचा नवरा देवाजी वैतागला होता. "हे बांडगूळ काहून आणलं वं? झाड खाऊन टाकन."

"झाडाचं काही खात नाही ते. नुसतं बसते," ती म्हणाली होती.

ती गेल्यावर दसऱ्याच्या वादळात फांदी मोडली. देवाजीनं रास्ना सोडवली. तिची जाड पांढरी मुळं उघडी लोंबत होती. ती त्याला बघवेनात. त्यानं तेलाच्या डब्यात काळी माती अन् शेणखत भरलं, मुळं खोल पुरली. मग हिंगण्याला कारखान्यात जाताना एक गडवा पाणी, आल्यावर एक गडवा. वर्षश्राद्धाला ती फुलावी, एवढंच त्याला हवं होतं.

शेजारचा केशव कुंपणावरून हसायचा. "देवाजी, डब्यात धान लावलं का गा?"

देवाजी गडवा डब्यात रिकामा करायचा. पंचफुलाच्या किडन्या गेल्या होत्या. पाणी मोजूनच द्या, असं डॉक्टरनं बजावलं होतं. शेवटी शेवटी ती ओठ चाटत मागायची, "घोटभर द्या ना." तो गडवा उचलून दूर ठेवायचा. तरी ती गेलीच.

माघात रास्नेची पानं पिवळी पडली. तहान असेल म्हणून त्यानं पाणी वाढवलं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी उमरेडकडून सासू, बायजाबाई आली. पिशवी ठेवून सरळ डब्याकडे गेली. पान ओढलं तर अख्खी रास्नाच हातात आली. मुळं काळी, लिबलिबीत. चिमटीत धरताच साल निसटली, आतला दोरा तेवढा उरला.

"याची मुळं हवेत राहते, जवाई. मातीत काहून गाडली?"

"मले वाटलं, उपाशी हाय."

"अन् एवढं पाणी?"

देवाजीनं डब्याजवळचा रिकामा गडवा उचलला.

"माह्या लेकीले घोटभर नाही दिलं तुमी."

"डॉक्टरनं मना केलं होतं, मामी."

"मंग याले कोण्या डॉक्टरनं सांगितलं?"

तिनं रास्ना निंबाखाली टाकली, हात पदराला पुसले अन् ओसरीवर बसली. उन्हातून आली होती. पदरानं वारा घेत म्हणाली, "पाणी द्या."

देवाजीनं गडवा भरून दिला. तिनं तो एका दमात रिकामा केला अन् पुन्हा पुढे धरला.