मगरींच्या राज्यातला होडीवाला

बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या घरात झोपाळा आहे. संध्याकाळी माझा मुलगा सौमित्र आणि त्याची मुलगी सानवी त्यावर बसायची आणि मगरींच्या राज्याची गोष्ट पुढे सरकायची. गोष्ट दोघांनी मिळून रचलेली. विश्वामित्रीच्या तळाशी मगरींची राणी राहते, तिनं नदीला साखळीनं बांधून ठेवलंय. एका म्हाताऱ्या कासवाच्या पाठीवर भविष्य कोरलेलं आहे, की कपाळावर चांदणी असलेली राजकन्या येईल आणि साखळी तोडेल. राजकन्या अर्थात सानवीच. तिला पलीकडे नेणारा एक होडीवाला होता. तो सौमित्रनं मध्येच घुसवलेला.

"अगं, त्याला काहीतरी नाव दे," सौमित्र म्हणायचा.

"कशाला? कासवाच्या पाठीवर त्याच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाहीये."

"म्हणून तर मला तो आवडतो. राजकन्येला जावंच लागणार. ह्याला कुणी सांगितलंय? मनात आलं तर घरी जाऊन खिचडी-कढी खाईल."

"बाबा, तू ना नेहमी एक्स्ट्रा लोकांच्या बाजूनं!"

"मी शिफ्टला जाणारा माणूस. आणखी कुणाच्या बाजूनं असणार?"

मी लग्न होऊन बडोद्यात आले तेव्हा समाला शेतं होती. विश्वामित्रीचं पाणी शेतात पसरायचं आणि निघून जायचं. आता शेतांच्या जागी आम्ही राहतो. त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर पाणी आलं ते घरात शिरलं. सौमित्रनं मला, सुनेला, सानवीला वरच्या मजल्यावर पोहोचवलं. मग ट्रॅक्टरच्या ट्यूबवर जुनं दार बांधून तो सोसायटीतली म्हातारी माणसं काढायला निघाला. सगळ्यात शेवटी मागच्या बंगल्यातले मोहनराव. बायको गेल्यापासून ते एकटेच असतात. मी खिडकीतून पाहत होते. सौमित्रनं त्यांना शेजारच्या गच्चीवर चढवलं आणि माझ्याकडे बघून हात केला. तो परत येताना मागची भिंत पाण्याच्या जोरानं त्याच्या अंगावर कोसळली.

भेटायला येणारी माणसं एकच बोलायची. शेजारच्या वर्षाबेन माझा हात धरून म्हणाल्या, "मासी, ए तो छठीए लखायेलुं होय." आमच्या नात्यातल्या बायका तेच मराठीत म्हणाल्या, सटवाईनं लिहिलं होतं हो. गणपतीत मंडळानं पुरातल्या स्वयंसेवकांचा सत्कार केला. स्वयंसेवक म्हणजे ज्यांच्या अंगात मंडळाचे टी-शर्ट होते ते. सौमित्रच्या अंगात घरातला बनियन होता.

सानवीनं गोष्ट बंद केली. झोपाळ्यावरही बसेना. तिची आई अवंती फतेगंजला बँकेत जाते, म्हणून शाळेतून आल्यावर ती माझ्याबरोबर जेवते. एका दुपारी जेवताना तिनं विचारलं, "आजी, सटवाईनं बाबाचं पण लिहिलं होतं?"

"हो गं. सगळ्यांचंच लिहिते." मला वाटलं, तिला बरं वाटेल. खरं तर मलाही तेच सोपं जात होतं.

तिनं घास खाली ठेवला. "मग बाबानं काय केलं?"

"म्हणजे?"

"लिहिलेलंच होतं, तर तो नुसता गेला. राजकन्येसारखा. त्यानं काहीच नाही केलं."

मी हात धुऊन देवघराशी गेले. बाळ जन्मलं की सहाव्या दिवशी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, सटवाई येऊन त्यावर नशीब लिहिते, असं आमच्याकडे मानतात. पुष्कळ घरांत तो कागद मग जातो कुठेतरी. माझ्या सासूबाईंनी सौमित्रचा जपून ठेवला होता, देवांच्या खालच्या खणात. मी तो तिच्यापुढे धरला. हळदीचं एक बोट उमटलेलं होतं, बाकी कोरा.

तिनं उलटसुलट करून पाहिला. "इथे तर काहीच नाहीये."

"नाही."

"म्हणजे बाबा स्वतःहून गेला."

"हो. स्वतःहून," मी म्हणाले. म्हणताना माझी मान जराशी ताठ झाली होती.

"मी वरून ओरडत होते, बाबा, जाऊ नको. ते त्याला ऐकू आलं होतं. त्यानं वर बघितलं होतं." तिनं कागद माझ्या हातात दिला. "तरी गेला."

मी तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. ती आली नाही, उठूनही गेली नाही.

मोहनराव दर गुरुवारी देवासाठी फुलं घेऊन येतात. झोपाळ्यावर कधी बसत नाहीत, दाराजवळची खुर्ची धरतात. ते आले की सानवी आत निघून जायची. त्या गुरुवारी गेली नाही. झोपाळ्यावर जाऊन बसली, बाबा बसायचा त्या बाजूला.

"वहिनी, कशा आहात?" मोहनरावांनी नेहमीप्रमाणे विचारलं. मी उत्तर देण्याआधीच ती म्हणाली,

"मोहनआजोबा, गोष्ट सांगू?"

"सांग की, बाळ."

"राजकन्या नदीवर आली तर होडी बांधलेलीच होती. होडीवाला घरी राहिला. त्याची मुलगी जाऊ नको म्हणाली, म्हणून तो थांबला. मग त्यांनी खिचडी-कढी खाल्ली."

"आणि साखळी?" मी विचारलं.

"नाही तुटली. राहू दे तशीच."

मोहनराव फुलांच्या पुडीचा दोरा बोटाला गुंडाळत होते. "नदीच्या पलीकडे," ते म्हणाले, "एखादा म्हातारा होता का गं?"

सानवीनं त्यांच्याकडे पाहिलं. त्या पुरानंतर पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं.

"होता," ती म्हणाली. "पण त्या दिवशी पाणी चढलंच नाही. तो झोपला होता. त्याला काही कळलंच नाही."

"बरं झालं," मोहनराव म्हणाले. "फार बरं झालं, बाळ." त्यांनी चष्मा काढला, आणि तो पुसायचं विसरून तसाच हातात धरून बसले.

मी आई आहे. माझ्या मुलानं काय केलं ते मी सगळ्या सोसायटीला ओरडून सांगावं, असं मला कितीदा वाटलं होतं. आणि त्या घटकेला मला सानवीचीच गोष्ट हवी होती. कढी मी केली असती. फोडणीत मेथ्या घातल्या असत्या, त्याला आवडायच्या.

"आजी, आता होडीवाल्याला नाव द्यायला पाहिजे," सानवी म्हणाली. "घरी असला की हाक मारायला लागते ना."

"मग दे. काय देतेस?"

तिनं पायानं झोपाळ्याला हलका झोका दिला. ओठ हलले, पुन्हा मिटले. ती विचार करत राहिली आणि आम्ही दोघं वाट पाहत राहिलो, पण तिला नाव सुचेना. बाबाशिवाय दुसऱ्या कुठल्या नावानं तिनं त्याला कधी हाकच मारली नव्हती.