कॉलरमधल्या टाचण्या

तिला घरात सगळे तोफ म्हणत, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायची. मग एकदा कुणीतरी तिला शाळेच्या वादविवादात ढकललं, ती जिंकली, आणि तेव्हापासून वात न लावताच उडायला लागली.

तिचे आजोबा शिंपी. आयुष्यभर दोरा दातांनी तोडून त्यांच्या पुढच्या दाताला बारीक खाच पडली होती. त्यांच्याकडे टाचण्यांची उशी होती, पण ती शोधायला वेळ कुणाला? टाचण्या सगळ्या कॉलरमध्ये. आजोबांना मिठी मारायची म्हणजे साळिंदराला मिठी मारायची, असं तोफेची मावशी म्हणायची. मावशी त्यांची धाकटी लेक, दातांची डॉक्टर. लहानपणी घरभर टाचण्या तुडवत मोठी झालेली.

एका सकाळी आजोबांची दाढ इतकी ठणकली, की त्यांनी चक्क स्वतःहून मशीन थांबवलं. तोफेने संधी साधली आणि शाळेला निघता निघता त्यांना मावशीच्या दवाखान्यात नेलं.

मावशी आतल्या खोलीत कुणाच्या तरी उघड्या तोंडावर वाकली होती. तिथूनच ओरडली, "तोफे, बाबांना एक्स-रे फोटोच्या मशीनपाशी उभं कर. अंगावर धातूचं काही ठेवू नकोस!"

तोफेने आजोबांचा चष्मा काढला, गळ्यातली टेप काढली, मग कॉलर. एकेक टाचणी उपटून ती आपल्या दप्तराच्या पट्ट्यात खोचत गेली. शेवटची टाचणी कॉलरच्या घडीत दडून बसली होती. ती सापडली तीच बोट टोचून. तोफेने बोट चोखलं आणि खात्री करायला कॉलरवरून पुन्हा हात फिरवला. कापड नुसतं मऊ.

मावशी घाईघाईने आली. आजोबांनी हनुवटी टेकवली, समोरची प्लास्टिकची काडी चावली, आणि मशीन त्यांच्या डोक्याभोवती घूं करत फिरलं.

पडद्यावर अख्खी बत्तिशी उमटली, म्हणजे त्यातली शिल्लक होती तेवढी. "ही दाढ गेली, बाबा. काढावी लागेल," मावशी म्हणाली.

"आणि हे काय?" तोफेने खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या मणक्यांशेजारी पांढरे ठिपके होते. खडू बुटाखाली चिरडावा तसे.

मावशी हसली. "टाचण्या! दुसरं काय असणार? तुझ्या आजोबांचा फोटो आणि टाचण्या नाहीत, असं कधी झालंय?" तिने चित्र नुसत्या दातांवर मोठं केलं. ठिपके कडेबाहेर गेले.

आजोबाही खूश झाले. "बघ, माझ्या टाचण्या मशीनलासुद्धा टोचतात!"

"मावशी, परत लहान कर ते."

"अगं, बाहेर माणसं बसलीत."

"बसू देत. कॉलरमध्ये एकही टाचणी नव्हती. मी काढल्यात सगळ्या." तिने दप्तराचा पट्टा पुढे केला. तो साळिंदरासारखा दिसत होता.

"एखादी राहिली असेल, बाळ."

"राहिली असती तर सरळ रेघ दिसली असती ना? टाचणी काय भुगा होऊन बसते का? आणि मला बाळ म्हणू नकोस. नीट बघ!"

बाहेरची माणसं वाकून बघायला लागली. मावशीचा चेहरा तापला. तरी तिने चित्र लहान केलं, आणि मग मात्र पडद्याला नाक लागेल इतकी वाकली.

"कधी कधी," ती हळू आवाजात म्हणाली, "मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत चुना साठतो. तो असा दिसू शकतो. असेलच असं नाही. एवढ्या फोटोवरून सांगता येत नाही, मानेची सोनोग्राफी करावी लागेल. पण वाहिनी अरुंद झाली असेल, तर लकव्याचा धोका असतो."

आजोबांनी चष्मा चढवला. "मी दाढ दाखवायला आलो होतो, मान नाही. कोट द्यायचाय उद्या." आणि ते चालू लागले.

"मावशी," तोफेला एकदम आठवलं, "मागच्या आठवड्यात आजोबांच्या उजव्या हातातून कात्री पडली. बोलत होते तेही बोबडं. मला वाटलं तोंडात दोरा आहे. थोड्या वेळाने सगळं ठीक झालं, आणि म्हणाले, हात झोपला होता."

मावशी खुर्चीत बसली. ठिपके डाव्या बाजूला होते. "डावीकडचा मेंदू उजवा हात चालवतो," ती म्हणाली. "आजच जायला हवं. आत्ताच. पण बाबांना आजवर कुणी हलवलंय?"

"मी हलवते," तोफ म्हणाली.

दुकानात आजोबा एका हाताने गाल धरून कोटाला अस्तर लावत होते. तोफ सरळ मशीनपाशी बसली, चाकावरून चामड्याचा पट्टा ओढून काढला आणि दप्तरात टाकला. पट्ट्याविना पायमशीन म्हणजे नुसतं टेबल.

आजोबा बघतच राहिले. त्या मशीनला घरातलं कुणी कधी हात लावत नसे. "पट्टा दे, कार्टे."

"नाही."

"वय काय तुझं, आवाज केवढा!"

"तोफ म्हणता ना? मग आता कानात बोळे घालू नका."

"माझ्या दुकानात मलाच दम देतेस?"

"हो, देते! काय कराल? आईला सांगाल? मावशी तिलाच फोन करतेय." एवढं बोलताना तिचा आवाज चिरकला, आणि त्याचा तिला फार राग आला. "हात पुन्हा झोपला आणि उठलाच नाही तर? मग पट्टा घेऊन काय करणार आहात, कंबरेला बांधणार?"

आजोबांनी उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं मिटली, उघडली.

"दाढ दुखतेय गं," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा लहान आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"मान आधी. दाढ नंतर."

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या मानेला थंडगार जेल लावलं आणि यंत्राची मूठ फिरवली. डाव्या बाजूला मूठ रेंगाळली.

"आजोबा, हातापायाला कधी मुंग्या? बोलताना अडखळणं?"

"छे," आजोबा म्हणाले. कोपऱ्यातून तोफेने घसा खाकरला. "म्हणजे... एकदाच. मागच्या आठवड्यात. कात्री पडली होती."

बाईंनी मूठ खाली ठेवली. वाहिनी बरीच अरुंद झाली होती. त्यांनी घरी जायचं नावच काढू दिलं नाही, तिथूनच मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या सर्जननी त्या आठवड्यातच मान उघडून वाहिनीतला तो चुना साफ केला.

ऑपरेशन चालू असताना मावशी बाकावर तोफेशेजारी बसली होती. "मला त्या टाचण्याच असायला हव्या होत्या गं," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर मी नीट पाहिलं असतं." तोफेने दप्तरातला मशीनचा पट्टा काढून दोघींच्या मांड्यांवर ठेवला.

आजोबा घरी आले तेव्हा त्यांच्या मानेवर कानाखालून खाली उतरणारी लाल रेघ होती. भेटायला येणारे म्हणत, मफलर गुंडाळा, बरं दिसत नाही. आजोबा ऐकून घेत. तोफेने मशीनला पट्टा चढवून दिल्यावर त्यांनी स्वतःसाठी नवा शर्ट शिवला, बिनकॉलरचा. उजव्या हाताने, एकही टाका न चुकता.

"झाकायचं कशाला?" ते दुकानात आलेल्या प्रत्येकाला मान वळवून दाखवत. "शिलाई बघा. टाके जरा दूर दूर घातलेत, पण नवशिक्याच्या मानाने बरं काम आहे."

"ते मोठे सर्जन आहेत, आजोबा!"

"असतील. काजं करता येतात का त्यांना?" मग त्यांचा हात सवयीने गळ्यापाशी गेला, आणि चिमटीत टाचणी तशीच राहिली. कॉलर होती कुठे! "आता ही ठेवू कुठे?"

तोफेने दप्तराचा पट्टा पुढे केला. "इथे. पण डॉक्टरांनी दिलेली उद्याची गोळी माझ्यासमोर घ्यायची, नाहीतर मशीनचा पट्टा कुठे असतो ते मला ठाऊक आहे."