दोघांचं शनिवारचं तिकीट

सप्टेंबरातल्या त्या शनिवारी गाडी यारोमेर्झहून सुटायच्या आतच ब्लांकाच्या वडिलांनी पिशवीतून पाव काढला. पावात तळलेल्या मांसाचा काप दाबून बसवलेला, त्यावर लोणच्यातली काकडी. डबाभर लसणाचा वास सुटला. ब्लांकाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"बाबा, अजून गाडी हललीही नाही."

"हलल्यावर काय जास्त चविष्ट होणार आहे?"

"समोरचे बघतायत."

"बघू देत. त्यांच्याही पिशवीत हेच आहे. लाजतायत बिचारे, तुझ्यासारखे."

तेवढ्यात समोरच्या बाईंनी हळूच आपला पाव काढला. बाबांनी लेकीला कोपर मारलं.

ओल्द्रिख वान्येक यांचा जन्म जमिनीच्या मोजणीत गेला होता. निवृत्तीनंतरचं पेन्शन बेताचं, पण फिरण्याची हौस राजाची. दोन्हींची सांगड घालायला त्यांचे काही नियम होते. गाडी धिमीच घ्यायची. जलद गाडीतून फक्त आपलंच तोंड काचेत दिसतं. पाणी झऱ्याचं प्यायचं. सूप मात्र विकत घ्यायचं, कारण गरम सूप पिशवीतून नेता येत नाही. राजवाडा आला की अंगणापर्यंतच जायचं. "आत काय, खुर्च्या न् टेबलं," ते म्हणत. "ती आपल्या घरीही आहेत, आणि त्यांच्यावर बसूही देतात."

शिवाय ते शनिवारचं तिकीट होतं. एका दिवसाचं, दोन मोठ्या माणसांचं, देशभर कुठेही चालणारं. त्यावर एकाचं नाव शाईने लिहायचं. दुसरं कुणीही चालतं. ब्लांका प्रागहून आली नाही तर बाबा फलाटावरच्या एखाद्या अनोळखी एकट्या माणसाला गाठत आणि म्हणत, "माझ्या तिकिटावर एक जागा रिकामी आहे. येता का?"

"भीक मागितल्यासारखं काय विचारता हो लोकांना?" ब्लांका एकदा वैतागून म्हणाली होती.

"मागतोय कुठे, वेडे? देतोय."

त्या दिवशी ते माला स्कालाला उतरले, नदीकाठाने चालले, खडकांच्या पायऱ्या चढून गेले. वर बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खालच्या छपरांकडे बघत राहिले. ब्लांकाच्या ओठांवर एक वाक्य आलं. ते गेली तीस वर्षं अशाच जागी येत होतं आणि दर वेळी ती दुसरंच काहीतरी बोलत होती. पुस्तकांची मुद्रितं तपासण्यात तिचा दिवस जायचा. दुसऱ्यांची वाक्यं तिच्या हातून सरळ होऊन जात. स्वतःचं हे एक पाच शब्दांचं वाक्य मात्र तिला जमत नव्हतं.

"वारा आहे. टोपी घाला," ती म्हणाली.

परतताना बाबांनी विचारलं, "पुढच्या शनिवारी लितोम्येर्झित्से?"

"बघू."

मंगळवारी सकाळी, बूट घालता घालता, बाबा गेले.

त्यानंतर आठ महिने ब्लांका कुठेच गेली नाही. मे महिन्यात एका शनिवारी ती उठली, प्रागच्या स्टेशनात तिकीट खिडकीवर शनिवारचं तिकीट घेतलं, फलाटावरच्या बाकावर मांडीवर पुस्तकाचा आधार घेऊन तिकिटावर नाव लिहिलं आणि गाडीची वाट बघू लागली. मग तिच्या लक्षात आलं, की तिकीट दोघांचं आहे.

दोन बाकं सोडून एक म्हातारी बसली होती. पायाशी टोपली, टोपलीवर स्वच्छ पांढरं फडकं. ब्लांका उठून तिच्याजवळ गेली. बाबा हे इतक्या सहज कसं करत, देव जाणे.

"माफ करा हं. माझ्या तिकिटावर एक जागा रिकामी आहे. येता का?"

म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का गं, काही विकायचंय का मला?"

"नाही हो."

"मग धर टोपली. पण सरळ धर, खाली खसखशीच्या पोळ्या आहेत."

त्यांचं नाव यार्मिलाबाई. बहिणीकडे निघाल्या होत्या. तीन महिने बहिणीशी अबोला होता आणि आता पोळ्या घेऊन तो सोडायला चालल्या होत्या. हे सगळं पहिल्या स्टेशनाच्या आत सांगून झालं.

तिकीट तपासनीस बाई आल्या. त्यांनी तिकीट उजेडाकडे धरलं. "ओल्द्रिख वान्येक कोण?"

ब्लांकाने कागदाकडे पाहिलं. अक्षर तिचंच होतं. नाव बाबांचं.

"तुम्ही दोघी आहात. यातल्या ओल्द्रिख कोण?"

"मला मिशा आहेत थोड्या, चालेल का?" यार्मिलाबाई म्हणाल्या.

तपासनीस बाई हसल्या नाहीत. "नाव खोडता येत नाही. नाव असलेला माणूस गाडीत हवा."

"ते माझे वडील," ब्लांका म्हणाली. "सप्टेंबरात गेले. दर शनिवारी मी त्यांचंच नाव लिहायचे. आजही हात आपोआप चालला. दंड भरते मी."

तपासनीस बाईंनी तिकिटाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"दर शनिवारी? कुठे जायचात?"

"सगळीकडे. सुट्टीत समुद्रावर जाणाऱ्या मैत्रिणींना मी खोटं सांगायचे, की आम्ही नातेवाइकांकडे जातो."

"आणि आज?"

"लितोम्येर्झित्सेला. ते राहिलं होतं."

तपासनीस बाईंनी तिकिटाला भोक पाडलं आणि ते तिच्या हातात दिलं. "पुढच्या वेळी स्वतःचं नाव लिहा," असं म्हणून त्या पुढच्या डब्यात गेल्या.

यार्मिलाबाईंनी फडकं बाजूला सारून एक पोळी काढली आणि न विचारता तिच्या हातावर ठेवली. "चांगला माणूस असणार. त्याच्याबरोबर फिरणं आवडायचं, हे कधी सांगितलंस त्याला?"

"नाही."

"मग आता सांग. मी खिडकीबाहेर बघते."

आणि त्या खरंच बघू लागल्या. बाहेर मोहरीची पिवळी शेतं संथ मागे जात होती. गाडी धिमी होती, प्रत्येक फाटकाशी थांबत होती. ब्लांकाने समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. आवाज वाटला होता त्याहून मोठा निघाला.

"बाबा, मी खूप सुखात होते."