गाण्याआधीची गोष्ट

माझी बायको ग्लेना गाणी लिहिते. ती लोकांना माहीत आहेत ती काउबॉय टोपी घालून गाणाऱ्या पोरांच्या आवाजात. नॅशव्हिलमध्ये असंच असतं, नाव टोपीवाल्याचं आणि घाम दुसऱ्याच कुणाचा. तिची पाच गाणी रेडिओवर पहिल्या नंबराला गेली. दर वेळी तिच्या गाण्यांच्या कंपनीने केक कापला, दर वेळी मी इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात उभा राहिलो, आणि दर वेळी कुणीतरी येऊन विचारलं, "बार्बेक्यू तुमच्याकडूनच आलंय का हो?"

मी बस चालवायचो. दौऱ्यावरच्या गायकांना या गावाहून त्या गावाला न्यायचं, हा माझा धंदा. त्यात एकच नियम, मागे पडद्याआड काय चाललंय ते ड्रायव्हरने विचारायचं नाही. कोण रडतंय, कोण कुणाशी भांडतंय, आपण रस्ता बघायचा. तोच नियम मी घरी पाळला. ग्लेनाला तिच्या कामाबद्दल मी एका शब्दाने विचारलं नाही आणि याचा मला चांगलाच अभिमान होता. इतरांचे नवरे "हे माझ्यावर लिहिलंस का?" म्हणून डोकं खातात. मी आपला दर रविवारी चर्चहून आल्यावर तिच्या गाडीत पेट्रोल भरायचो, कारण गाडीला काटा असतो आणि तो बघायचा असतो, हे त्या बाईला आजवर कुणी पटवू शकलेलं नाही.

तिचं काम सकाळी अकराला सुरू होतं. कंपनीच्या एका खोलीत दोघं-तिघं बसतात, कधी कधी पहिल्यांदाच भेटलेली. कॉफी पितात, घरी काय चाललंय ते एकमेकांना सांगतात. त्या गप्पांमधून जेवायच्या वेळेपर्यंत गाणं निघतं. बाहेर आल्यावर कुठली ओळ कुणाची हे कुणी सांगत नाही. विचारणारा गावंढळ ठरतो.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक आहे. ती मला कुणी सांगितली नाही, मी बघून शिकलो. लिहिणारे कॅफेत लोकांसमोर स्वतःची गाणी गातात तेव्हा आधी गाण्यामागची गोष्ट सांगायची पद्धत आहे. म्हाताऱ्या सैनिकाच्या घड्याळाचं गाणं गाताना ग्लेना काकांची आठवण सांगते आणि डोळे पुसते. तिला काका नाहीत. ते गाणं तीन भुकेल्या माणसांनी सँडविच यायच्या आत संपवलेलं. पण रिकाम्या खोलीचं गाणं आहे ना, ते गाताना ती माझ्या भावाच्या डोक्यावर रंगाचा डबा कसा सांडला ते सांगते आणि लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहतात. ती खोली आम्ही आमच्या मुलीसाठी रंगवत होतो. मुलगी घरी आलीच नाही. तेव्हा माझा हिशेब साधा आहे. ग्लेना रडवते तेव्हा गाणं बनवलेलं असतं. हसवते तेव्हा खरं असतं.

नवीन गाणं झालं की ती फोनवरचं कच्चं रेकॉर्डिंग स्वयंपाकघरात वाजवायची आणि माझ्या पायाकडे बघायची. पाय हलला तर गाणं चाललं. गेल्या ऑक्टोबरात मात्र एक गाणं तिने घरात वाजवलंच नाही. अंगणात उभ्या गाडीत बसून ऐकत होती, काच अर्धी खाली. मी शेडमध्ये गवत कापायच्या मशीनचं पातं घासत होतो. आवाज तिचाच होता. गाण्यातली बाई टाकी भरून ठेवते, दिवे न लावता गाडी उतारावरून तशीच सोडते आणि रस्त्याला लागल्यावर इंजिन सुरू करते, म्हणजे घरातल्या माणसाची झोप मोडायला नको.

आमचं अंगण उतारावर आहे.

मग मी स्वतःची समजूत घातली. ते गाणं झालं त्या दिवशी खोलीत केंडल नावाची पोरगी होती, चोवीस-पंचविशीची, दर महिन्याला कुणाला तरी सोडणारी. ओळ तिचीच असणार. टेनेसीतली निम्मी अंगणं उतारावर असतात. मी पातं इतकं घासलं की शेवटी नवीन आणावं लागलं.

रविवारी चर्चहून आलो आणि तिची गाडी पंपावर नेली. काटा बघितला तर टाकी काठोकाठ भरलेली. पंपावरचा माणूस म्हणाला, "काय डॉयल, आज हवा भरायला आलास का?" पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मी घरी आलो, किल्ल्या खुंटीला अडकवल्या. ग्लेना बटाटे सोलत होती. "भरलीस का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "हो." तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली.

त्यानंतर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ती बाथरूममध्ये गेली की मी जिन्याखालची सुटकेस बघून यायचो. जागेवर होती. गाडीचं दार वाजलं की मशीन बंद करून कान द्यायचो. विचारायला मात्र तोंड उघडेना. एवढ्या वर्षांची सवय, ती काय अशी सुटते?

गुरुवारी ती म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी कॅफेत गायचंय. या वेळी तू येच."

"मी कशाला? तिथल्या खुर्च्या मला पुरत नाहीत."

"येच, डॉयल."

गेलो. चौघं लिहिणारे मध्ये तोंडं एकमेकांकडे करून बसले होते, लोक भोवती. तिथे गाणं चालू असताना कुणी हूं की चूं करत नाही. ग्लेनाची पाळी आली तसा मी मनातल्या मनात देवाला म्हणालो, काका काढ, आत्या काढ, कुणालाही मार, पण हिला रडू दे.

ग्लेनाने गिटार मांडीवर घेतली. "आमच्या शेजारी हार्वेल राहतो," ती म्हणाली. "त्याच्या कुत्रीला गाडीतून फिरायचं भारी वेड. परवा हार्वेल आंघोळीला गेला आणि ही गाडीत चढली. हिच्या धक्क्याने गिअर सुटला. गाडी निघाली उताराने, स्टिअरिंगवर पंजे ठेवून ही बसलेली, आणि मागे हार्वेल नुसत्या टॉवेलवर. मी ओरडले, थांब, येईल परत! तर म्हणतो कसा, कसली येतेय, आजच टाकी फुल केलीय!"

सगळं कॅफे हसलं. शेजारच्या बाईने हसता हसता माझ्या दंडाला धरलं. मी तेवढा माझा हिशेब करत बसलो: हिने हसवलं.

मग तिने गाणं म्हटलं. काही लोक डोळे पुसत होते. माझ्या डोक्यात नुसता उतार होता.

बाहेर गाडीपाशी आलो तेव्हा अजून पुरतं अंधारलं नव्हतं.

"तू हसला नाहीस," ती म्हणाली.

"हार्वेलकडे कुत्री नाही. मांजरं आहेत."

"इथे ते फक्त तुलाच माहीत आहे."

"म्हणून बोलावलंस मला?"

"तोंडाने सांगायला गेले होते रे. दोनदा. दुसऱ्यांदा तर तू मशीनच चालू केलंस."

"कधी निघतेस?"

"उद्या. विल्माकडे, पडूकाला." विल्मा तिची बहीण, पडूका गावात राहणारी.

"मी काय केलं, ग्लेना?"

"काही नाही केलंस. तेच तर आहे दुसऱ्या कडव्यात."

"दुसरं कडवं मी ऐकलंच नाही."

"माहीत आहे मला. तुझ्याकडेच बघून म्हणत होते."

"म्हण ना परत."

तिने गिटार पेटीतून काढली नाही. आधी काही गोष्ट सांगितली नाही. गाडीला टेकून, अगदी हळू म्हणाली:

दार कुरकुरलं की तेल घालतो,
थंडी पडली की लाकूड फोडतो,
रविवारी बोनेट उघडून गाडीला विचारतो,
कशी आहेस तू, बाई, कशी आहेस?
मी तिथेच उभी असते, त्याच्या मागे.

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. म्हणालो, "कशी आहेस तू?"

"जमतं की रे तुला," ती म्हणाली. "टाकी भरलेली दिसली ना, तेव्हाच विचारायचं होतंस. मी वाट बघत होते, म्हाताऱ्या. बटाटे सोलत वाट बघत होते."

दुसऱ्या दिवशी ती भर दुपारी गेली, इंजिन सुरू करून, हात हलवून. सुटकेस मीच उचलून ठेवली.

वसंतात ते गाणं एका टोपीवाल्याने म्हटलं, गाण्यातल्या बाईचा पुरुष केला आणि पहिल्या नंबराला गेलं. कंपनीने केक कापला. बोलावणं मलाही होतं, शर्टाला इस्त्री मीच केली. ग्लेना खोलीच्या त्या टोकाला होती, केसांची ठेवण नवीन, हातात कागदी बशी. केंडल माझ्याशी बोलायला आली. तेवढ्यात कंपनीतला एक नवीन माणूस मध्येच म्हणाला, "तुम्ही ग्लेनाचे मिस्टर ना? हे गाणं नक्की कुणावर आहे हो?"

केंडल जमिनीकडे बघायला लागली. ग्लेनाने बशी खाली ठेवली.

"आमच्या शेजारी हार्वेल राहतो," मी म्हणालो. "त्याच्या कुत्रीला गाडीतून फिरायचं भारी वेड."

सगळी गोष्ट सांगितली, टॉवेलसकट. लोक पोट धरून हसले. ग्लेना हसली नाही.