धाकट्याची चाल

त्या घरात माणूस पायांवरून ओळखला जाई. धाकटा आला की आधी दार भिंतीवर आपटे, मग चपला दोन दिशांना उडत आणि आतून आई म्हणे, "हळू रे, दार मोडशील." थोरला आलेला कुणाला कळतही नसे. धाकटा त्याला गोगलगाय म्हणायचा. आई म्हणायची, "एकाच्या पायाला भिंगरी, दुसऱ्याच्या पायाला मुंग्या. वाटणी करताना देवाचा डोळा लागला होता."

धाकट्याने जायचीही घाईच केली. चाळिशी गाठायच्या आत, कामावरच्या जिन्यात छातीत कळ आली आणि कुणाला पाण्याचा पेला पुढे करायलाही सवड मिळाली नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आईचे डोळे दगा देऊ लागले. नजरेचा मधला भाग आधी जाईल, कडेचं मात्र बराच काळ दिसत राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. थोरल्याने मान डोलावली आणि गोळ्या जेवणाआधी की नंतर, एवढं विचारलं. बाकीचं त्याने ऐकलं, पण मनावर घेतलं नाही, असंच म्हणावं लागेल.

एका सकाळी भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "तू ते फोटो हलवायचं काम करतोस ना? मला एकदा त्याला दारातून येताना दाखव. डोळे आहेत तोवर."

थोरला जाहिराती बनवणाऱ्या एका लहान कंपनीत होता. फोटो द्यायचा, काय घडायला हवं ते लिहायचं, की संगणक त्याची छोटी फिल्म करून देई. पण त्याचं एक दुखणं होतं. हालचालीचा वेग कमी ठेवला तर चित्र शहाण्यासारखं वागे, वाढवला की बिथरे. बोटं एकमेकांत मिसळत, शर्टाचा खिसा डावीकडून उजवीकडे जाई, आणि दारातून एक माणूस शिरे तर खोलीत पोचे भलताच. साबण आणि खुर्च्यांच्या जाहिरातींत हे निभावून नेता येई.

धाकट्याचे फोटो होते, पण बहुतेक हललेले. तो कॅमेऱ्यासमोर थांबलाच नव्हता कधी. त्याच्या फोनमध्ये काही असलं तर त्याचा पासवर्ड तो बरोबर घेऊन गेला होता. एकच फोटो धड होता: घराच्या दाराच्या चौकटीत, एक हात कडीवर, निघायच्या तयारीत.

थोरल्याने आधी धाकट्याला शोभेल असा वेग दिला. दोन पावलांत चेहरा मेणासारखा वितळला. शेजारच्या टेबलावर आवाज जोडायचं काम करणारी सहकारी डोकावली. तिच्या जिभेला हाड नव्हतं. "दादा, तुमचा भाऊ फार पळतो. संगणकाला धाप लागते," ती म्हणाली, आणि मग तो भाऊ गेल्याचं आठवून तिने जीभ चावली.

"खरं आहे," थोरला म्हणाला. "आम्हा सगळ्यांनाच लागायची."

त्याने वेग कमी केला. चेहरा टिकला, पण धाकटा पाण्याखालून चालल्यासारखा येऊ लागला. तीच फिल्म भरभर चालवून पाहिली, तर किल्ली दिलेलं खेळणं. हळू चालणारा माणूस भरभर दाखवला म्हणून घाईतला होत नाही, हे त्याला इतकी वर्षं हे काम करून तेव्हा कळलं.

शेवटी तीच म्हणाली, "कुणीतरी खरंच चालून दाखवा. ती चाल घेऊ आणि त्यावर त्यांचा फोटो बसवू. पाऊल कुठे टाकायचं ते ठरलं की चेहरा सांभाळला जातो."

चालणार कोण? सख्खा भाऊ, अंगकाठी तीच. थोरला ऑफिसच्या दारातून आत आला, तिने ते टिपलं. संध्याकाळपर्यंत फिल्म तयार झाली. धाकटा आत येत होता. खिसा जागेवर होता, हनुवटीवरचा तीळसुद्धा हलला नव्हता. "जमलं, दादा," ती हळूच म्हणाली. थोरल्याने चष्मा काढून पुसला.

रविवारी त्याने टीव्हीसमोर आईची खुर्ची ओढली. आई मान वळवून भिंतीकडे बघत बसली.

"आई, इकडे बघ. समोर."

"समोर बघितलं की दिसत नाही रे. तू लाव."

त्याने फिल्म लावली. तिने पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाली, "हा तू आहेस."

"नाही गं, तो आहे. चेहरा बघ ना. तो तीळ..."

"चेहरा मला कुणाचाच दिसत नाही. तुझाही नाही, बरेच दिवस झाले. मधे नुसता धुक्याचा गोळा असतो. कोण कसा येतो, तेवढं कडेने कळतं. दार हलकेच लोटायचं, पाय पुसायचे, आत येऊ की नको, असं बघायचं. हा तूच." मग तिने चाचपडत त्याचा हात धरला. "छान आलायस हो. वाईट वाटून घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात असताना थोरल्याने फोनवर चित्रण सुरू केलं आणि तो कपाटावर, दाराकडे तोंड करून ठेवला. बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. धाकटा कसा यायचा ते आठवलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच तो आपल्या घरात धावत शिरला. दार भिंतीवर आपटलं, एक चप्पल टेबलाखाली गेली, गुडघा स्टुलावर आदळला.

आतून आवाज आला, "हळू रे, दार मोडशील."

आणि भांड्यांचा आवाज थांबला.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. मान वळवून, डोळ्याच्या कडेने बघत उभी राहिली. थोरला तसाच थिजला. हललो तर हा मी आहे हे हिला कळेल, असं त्याला वाटलं. त्याने श्वाससुद्धा रोखून धरला. पण धाकटा कधी असा एका जागी उभा राहिला होता?

"लागलं का रे कुठे?" आईने विचारलं. आवाज थोरल्याशी बोलतानाचा होता.

"नाही," तो म्हणाला, आणि सवयीने दार लावायला वळला.

"राहू दे," ती म्हणाली. "उघडंच राहू दे जरा."